धागा: स्टेटसवर दुसऱ्या देशाचा झेंडा, मग गुन्हा नेमका कुठून सुरू होतो?

गोदाकाठ (धागाकर्ती)

भारत-पाक सामना असो, सीमेवरचा तणाव असो, नाहीतर १४ ऑगस्ट. आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या गावांत ठरलेला प्रकार घडतो. कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट फिरतो, संध्याकाळी ठाण्यासमोर जमाव जमतो, रात्री गुन्हा दाखल होतो. पुढे त्या गुन्ह्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

चर्चेसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातल्या परतूरचा १९ वर्षांचा मुलगा. स्टेटसवर पाकिस्तानचा झेंडा आणि 'पाकिस्तान झिंदाबाद'. भारताविरुद्ध एक शब्द नाही, कुणाला मारा-तोडा म्हटलेलं नाही. हा गुन्हा आहे का? कोणत्या कलमाखाली? पोलिसांनी काय करायला हवं आणि घरच्यांनी काय? निष्ठा कायद्याने मागता येते का, हाही प्रश्न आहेच. कृपया 'ठोकून काढा' आणि 'सगळं माफ' या दोन टोकांच्या मधलं लिहा. कलम, निकाल, प्रक्रिया यांसह.

खंडपीठ_रोड

ताई, एफआयआरमध्ये तीन-चार कलमं एकत्र ठोकलेली असतात आणि प्रत्येकाची कसोटी निराळी असते. म्हणून ती सुटी करून पाहू.

पहिलं, भारतीय न्याय संहितेचं कलम १५२. राजद्रोहाचं जुनं १२४अ सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवलं होतं. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली. तीत राजद्रोह हा शब्द नाही, पण १५२ आहे: फुटीरता, सशस्त्र बंड, विघातक कारवाया यांना चिथावणी देणं, फुटीर भावनांना प्रोत्साहन देणं किंवा सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणं. शिक्षा जन्मठेप, किंवा ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतुपुरस्सर किंवा जाणीवपूर्वक' हे शब्द कलमातच आहेत, त्यामुळे हेतू सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर.

यावरचा पाया म्हणजे १९६२ चा केदारनाथ सिंह निकाल. हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच राजद्रोह. त्यानंतर १९९५ चा बलवंत सिंग. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या होऊन काही तास झालेले, आणि चंदिगडमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर 'खलिस्तान झिंदाबाद'च्या घोषणा. आरोपी सरकारी नोकर. याहून नाजूक वेळ सांगता येईल का? तरीही सर्वोच्च न्यायालयाने सोडलं, कारण दोघा-तिघांनी एकदोनदा घोषणा दिल्या, कुणी प्रतिसाद दिला नाही, गडबड झाली नाही.

२०२५ मध्ये दोन उच्च न्यायालयांपुढे जवळपास तुमचाच प्रश्न आला. अलाहाबादने जामीन देताना म्हटलं, की भारताचा किंवा कोणत्या घटनेचा उल्लेख न करता नुसता पाकिस्तानला पाठिंबा दाखवला तर प्रथमदर्शनी १५२ लागत नाही. हिमाचलने म्हटलं, की मायभूमीची निंदा न करता दुसऱ्या देशाचा जयजयकार केला तर तो राजद्रोह होत नाही. हे जामिनाचे आदेश आहेत, अंतिम निकाल नव्हेत. युक्तिवादात वापरताना हा फरक सांगायलाच हवा, नाहीतर सरकारी वकील तिथेच पकडतात.

दुसरं, कलम १९६, म्हणजे जुनं १५३अ. गटागटांत शत्रुत्व निर्माण करणं. इथे मुळात दोन गट लागतात, हे १९९७ च्या बिलाल कालू निकालात स्वच्छ सांगितलंय. एका परक्या देशाचं नाव घेतलं म्हणजे आपल्या गावातले दोन समाज आपोआप आमनेसामने येत नाहीत. मजकुरात दुसरा गट कुठे आहे, हा प्रश्न पहिल्या तारखेलाच विचारायचा.

आणि आपल्या राज्यातला निकाल, ७ मार्च २०२४ चा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस: ५ ऑगस्ट (काश्मीरचं कलम ३७० हटवल्याचा दिवस) काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. गुन्हा १५३अ खाली. मुंबई उच्च न्यायालयाने शुभेच्छांमध्ये गुन्हा मानला नव्हता, 'काळा दिवस' मात्र चौकशीयोग्य मानला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी सगळाच गुन्हा रद्द केला. ३७० हटवण्यावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरचा. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या दुबळ्या मनाचा माणूस ही मोजपट्टी नव्हे. ही कसोटी न्या. विवियन बोस यांनी स्वातंत्र्याआधी नागपुरात घालून दिलेली आहे.

तेव्हा परतूरच्या मुलाबद्दल माझं उत्तर: एवढ्याच मजकुरावर १५२ टिकू नये, १९६ ही टिकू नये.

बालाघाट

वकीलसाहेब, निकाल मान्य. पण माझा मुद्दा वेगळा आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली, त्यात सहा आपल्या महाराष्ट्राची. अशा आठवड्यात कुणी त्या देशाचा झेंडा लावतो तेव्हा त्याचा अर्थ 'सदिच्छा' राहत नाही. तो झेंडा पाहून त्या सहा घरांना काय वाटेल, याचं उत्तर कोणत्या कलमात आहे?

दुसरं, १९८४ ला चौकात दोघं ओरडले तर ऐकणारे शंभर-दोनशे. आज एक रील तासाभरात लाखभर लोकांपर्यंत जाते. कसोटी तीच ठेवून कसं चालेल? राज्यघटनेच्या १९(२) मध्ये सार्वभौमत्व आणि अखंडता हे शब्द उगीच घातले का?

खंडपीठ_रोड

उगीच नाही घातले. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने घातले, चीन युद्धानंतर आणि दक्षिणेतल्या वेगळ्या राष्ट्राच्या मागणीच्या पार्श्वभूमीवर. पण त्यातही रोख फुटून निघण्याच्या प्रचारावर होता.

वेळ आणि पोहोच यांचा विचार न्यायालय करतंच. मात्र ते पुराव्याने दाखवावं लागतं: किती जणांनी पाहिलं, कुणी काय कृती केली, आरोपीने आधी-नंतर काय लिहिलं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या केल्या आहेत आणि कायद्याचा हात तिसरीवर पोचतो. तो निकाल इंटरनेटवरच्या मजकुराबद्दलच आहे.

ऑपरेशन सिंदूरच्या काळात पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला एक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. पोस्ट तिने लगेच काढली होती. मे २०२५ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडलं, निष्कासनाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू दिलं. पहलगामनंतर पाच-सहा आठवड्यांतली ही गोष्ट.

त्या सहा घरांचं दुःख खरं आहे आणि त्या मुलाच्या तोंडावर ते सांगायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे. त्याचा निषेध करा, संबंध तोडा. कोठडी हा त्या दुःखाचा उपाय नाही एवढंच माझं म्हणणं.

आता रेषेपलीकडचं सांगतो, कारण तरुण पोरं इथेच फसतात. देशाचं नाव आणि बंदी घातलेल्या संघटनेचं नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लष्कर-ए-तय्यबा, जैश-ए-मोहम्मद या यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या यादीतल्या संघटना. त्यांच्यासाठी पाठिंबा मागणं, सभा भरवणं यावर त्या कायद्याचं कलम ३९ आहे, १० वर्षांपर्यंत. तिथे जामीनही फार अवघड. लष्करी ताफ्याचा, तळाचा व्हिडिओ कुणाला पाठवला तर १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. पैसे पाठवले तर आणखी वेगळं. 'अमुक मोहल्ल्यातल्यांनो, बाहेर या' किंवा 'अमुक वस्तीला धडा शिकवा' असं एक वाक्य जोडलं की १९६ चा दुसरा गट हजर. शेवटचं वाक्य स्टेटस ठेवणाऱ्याला लागतं तसंच त्याच्या विरोधात जमाव जमवणाऱ्यालाही लागतं.

सतरा_सप्टेंबर

धागा मराठवाड्याचा आहे म्हणून इतिहास थोडा सविस्तर लिहिते. निष्ठा आणि शेजारच्या देशाबद्दलची ओढ यांचा झगडा या मातीने स्वतः भोगला आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला आपले जिल्हे भारतात नव्हते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि निजाम स्वतंत्र राहू पाहत होता. इथल्या प्रजाजनाने तिरंगा लावणं म्हणजे राज्यकर्त्याच्या नजरेत परक्या, प्रतिस्पर्धी देशाचा झेंडा लावणं होतं. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' दिन म्हणून पाळला. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टला अटक झाली.

त्याआधी १९३८ ची वंदे मातरम् चळवळ. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढलं. बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, त्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते. सभाबंदीसाठी गश्ती (सरकारी परिपत्रक) नंबर ५३ होतीच. परवानगीशिवाय राजकीय सभा नाही. प्रशासनाचा तर्क तोच: वेळ नाजूक आहे, भावना भडकतील.

शोएबुल्ला खान हे हैदराबादेतल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहायचे. २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटे, म्हणजे हैदराबादवरच्या भारताच्या लष्करी कारवाईच्या ('पोलीस कारवाई') तीन आठवडे आधी, त्यांचा खून झाला. ज्यांच्या निष्ठेवर दोन्हीकडून बोट ठेवलं जाऊ शकत होतं अशा माणसाने घेतलेली ही भूमिका. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत हे नाव दरवर्षी यायला हवं.

आता दुसरी बाजू, ती लपवून चालणार नाही. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी गावंच्या गावं जाळली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर त्याचा सूड असंख्य निरपराध मुसलमानांवर निघाला. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा ही नावं आहेत. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याच्यावर मात्र रीतसर खटले चालले, तेही दरोडा आणि खुनाच्या आरोपांवर. शिक्षा भोगून १९५७ ला तो पाकिस्तानात गेला. ज्याने प्रत्यक्ष हत्यार उचलायला लावलं त्याला न्यायालय मिळालं, आणि ज्यांच्यावर नुसता संशय होता त्यांना तेही मिळालं नाही. मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

बालाघाट

सतरा_सप्टेंबर ताई, तुलना पूर्ण पटत नाही. निजामाचं राज्य लोकांनी निवडलेलं नव्हतं, आजचं आहे. लोकशाहीत नाराजी दाखवायला मतपेटी आहे, परक्या झेंड्याची गरज काय?

सतरा_सप्टेंबर

फरक मान्य, आणि तो मोठा आहे. म्हणूनच निजामापेक्षा आपली सहनशक्ती जास्त असायला हवी असं मी म्हणते. निवडून आलेल्या सरकारला निष्ठेचे पुरावे गोळा करत फिरावं लागत नाही.

स्टेशन_डायरी

प्रक्रिया सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं कलमापेक्षा इथेच कोसळतात.

१९६ ची शिक्षा ३ वर्षांपर्यंत. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) १७३(३) प्रमाणे ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत ही चौकशी आधी करणंच योग्य. जमाव दारात उभा असताना ठाणे अंमलदाराला हे कलम आधार देतं. तक्रार घेतली, चौकशी सुरू आहे, असं लेखी देता येतं. मग घाईत १५२ कशाला लावतात? कारण ते लावलं की १७३(३) ची सोय उरत नाही आणि अटक सोपी होते. हे चुकीचं आहे. पुढे न्यायालयात ठाण्याचीच नाचक्की होते.

पुरावा. स्क्रीनशॉट तिसऱ्याच माणसाच्या मोबाइलमधला असतो, तोही चार वेळा पुढे पाठवलेला. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हीत हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे २०२० मध्ये ठरलं ते आपल्या जालन्याच्याच निवडणूक याचिकेत, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. ते कलम जुन्या कायद्यातलं ६५ब होतं, तत्त्व तेच. पंचनाम्यात मोबाइल बंद करून, सीलबंद करून, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घेतला नाही तर बचाव पक्ष पहिल्याच उलटतपासणीत मोकळा होतो. स्टेटस २४ तासांत जातो, त्यामुळे मूळ मोबाइल तपासाला गेला नाही तर हातात काहीच राहत नाही.

मंजुरी. १५२ आणि १९६ मध्ये केंद्र किंवा राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७. ३५३(२), म्हणजे खोटी माहिती, अफवा पसरवून शत्रुत्व निर्माण करणं, याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी चालते. दोषारोपपत्र गेलं आणि मंजुरी आली नाही, अशी प्रकरणं कपाटात पडून राहतात. आरोपी मात्र तारखांना येत राहतो.

मुलगा १८ खालचा असेल तर सगळंच बदलतं. बाल न्याय नियम २०१६, नियम ८: गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआर करायचाच नाही. विशेष बालपोलीस पथकाने डायरीला नोंद घ्यायची, सामाजिक अहवाल बनवून बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. नाव, फोटो कुठेही द्यायचा नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४. गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकणारे स्वतः गुन्हा करत असतात.

सणांच्या आधी पोलिसांकडून येणारी '१४९ ची नोटीस' आता १६८ ची झाली. ती फक्त समज आहे, शिक्षा नव्हे. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई वेगळी, तीत बंधपत्र द्यावं लागतं. नोटीस आली म्हणून पळून जाऊ नये. उत्तर लेखी द्यावं, पोच घ्यावी.

मांजरा

न्यायालयाच्या निकालापर्यंत माणूस पोचतच नाही, ही खरी अडचण आहे. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद गावी २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर, पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याच्या आरोपावरून गावकऱ्यांवर राजद्रोह लावला. काही दिवसांत राजद्रोह मागे घेऊन १५३अ ठेवलं. निर्दोष सुटले ते २०२३ मध्ये. सहा वर्षांची मजुरी, कर्ज, बदनामी कोण भरून देणार?

नोकरीचं सांगते. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबित झाल्याचं मानलं जातं. दोष सिद्ध व्हायची वाट पाहिली जात नाही. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना त्यांचे १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खासगी अनुदानित शाळेत काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील. ही मुदत चुकली की पुढे विलंबमाफीची भीक मागावी लागते. नोकरदारांवर वर्तणूक नियमांचं बंधन सामान्य नागरिकापेक्षा जास्त असतं, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

आणि जेसीबी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालवणात भारत-पाक सामन्यानंतर १५ वर्षांच्या मुलावर देशविरोधी घोषणेचा आरोप झाला, आणि दुसऱ्याच दिवशी कुटुंबाचं भंगाराचं दुकान पाडलं. १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे: १५ दिवसांची लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा १५ दिवस. नगर परिषदेचं पथक आलं तर आधी आदेशाची प्रत मागायची आणि पाडकामाचं चित्रीकरण करून ठेवायचं.

बालाघाट

मालवणचं समर्थन मी करणार नाही. पोराच्या चुकीसाठी बापाचं दुकान पाडणं हा न्याय नाही. पण 'मग तिकडेच जा' म्हणणाऱ्यांचं काय चुकतं? ज्याला देश मान्य नाही त्याचं नागरिकत्व काढायची तरतूद कायद्यात आहे असं वाचलंय.

खंडपीठ_रोड

आहे, पण तुम्ही समजता तशी नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम १०. कृतीने किंवा बोलण्याने राज्यघटनेशी निष्ठाहीन वागणं, युद्धात शत्रूशी बेकायदा व्यवहार करणं, या कारणांनी नागरिकत्व काढता येतं. पण ते मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने झालेल्या नागरिकाचं. जन्माने नागरिक असलेल्याचं बोलण्यावरून काढताच येत नाही. ते जातं ते कलम ९ खाली, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर. म्हणजे परतूरमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाला कुठे पाठवायची सोय कायद्यात नाही. त्याला इथेच राहायचं आहे आणि तुम्हालाही.

निष्ठेबद्दल आणखी एक. मूलभूत कर्तव्ये, ५१अ, १९७६ ला आली. राज्यघटना, राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत यांचा आदर त्यांत आहे, पण ते मोडल्याची शिक्षा त्यात नाही. शिक्षा आहे ती १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्यात: तिरंगा जाळणं, फाडणं, तुडवणं, राष्ट्रगीत बंद पाडणं, ३ वर्षांपर्यंत. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात केरळची मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. वागणूक आदराची हवी, मनातलं प्रेम मोजायला कायदा बसलेला नाही.

गोदाकाठ

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही म्हणून एक जोड. १९६२ च्या युद्धात चीनकडे झुकलेले म्हणून अनेक कम्युनिस्ट नेते भारत संरक्षण नियमांखाली विनाचौकशी आत गेले. चिनी वंशाचे सुमारे तीन हजार लोक, बरेचसे आसाम-बंगालकडचे, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत वर्षानुवर्षं ठेवले. आडनाव आणि चेहरा एवढाच पुरावा. कम्युनिस्ट नेते सुटून निवडणुका लढले, राज्यं चालवली. छावणीतून सुटलेल्या बऱ्याच कुटुंबांनी मात्र पुढे देश सोडला.

वकीलसाहेब, घरच्यांनी पहिल्या २४ तासांत काय करायचं ते राहिलं. आणि ग्रुप अ‍ॅडमिनचं?

खंडपीठ_रोड

अटकेची कारणं लेखी मागायची, आरोपीला कळेल त्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं, आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. फक्त १९६ किंवा ३५३ असेल तर थेट अटकेऐवजी ३५(३) ची, म्हणजे ठाण्यात हजर राहण्याची नोटीस हा नियम. मोबाइल फोडायचा नाही, पुसायचा नाही. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा ओढवतो. जप्तीच्या पंचनाम्याची प्रत घ्यायची. अटकपूर्व जामीन आता कलम ४८२, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज ५२८. जुन्या कायद्यात ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज होता, त्या सवयीने दोन्हींची गल्लत होते आणि अर्ज परत येतो. रद्द करण्यासाठी आपल्याला संभाजीनगरचं खंडपीठ.

स्थानिक वकील संघाने 'वकीलपत्र घ्यायचं नाही' असा ठराव केला तर तो बेकायदा आहे, २०१० चा मोहम्मद रफी निकाल. तरीही कुणी उभं राहत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. रिमांडला मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

अ‍ॅडमिनचं: २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने ठरवलं, की समान हेतू किंवा आधीचा कट नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही. फक्त सदस्य जोडतो-काढतो म्हणून गुन्हा होत नाही. अ‍ॅडमिनने स्वतः ती पोस्ट पुढे पाठवली किंवा खाली भडक प्रतिक्रिया लिहिली तर तो स्वतःच्या शब्दांसाठी जबाबदार, आणि स्क्रीनशॉट गावभर फिरवणारे सदस्यही तसेच.